गाडीची लांब वॉरंटी : पैसे भरून घ्यावी की नको? सातारा-सांगलीच्या गाडीमालकांसाठी सविस्तर माहिती

सातारा/सांगली : दसरा-पाडवा आला किंवा उसाचं बिल खात्यावर जमा झालं की सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या शोरूममध्ये गर्दी होते. पूर्वी गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा ॲव्हरेज विचारायचा. आता त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, वॉरंटी किती? सेल्समनचं उत्तर तयार असतं. तीन वर्षं कंपनीची, वर एवढे भरा की पाच, सहा, सात वर्षं निवांत. हे 'वर एवढे' म्हणजे लहान गाडीला काही हजार आणि मोठ्या गाडीला तीस-चाळीस हजारांपर्यंत. त्यावर अठरा टक्के जीएसटी असतो. तो किमतीत धरलाय का, हे विचारून घ्यावं.

हे पैसे भरावेत का? कंपनी गाडीसोबतच देते ती वॉरंटी जितकी लांब तितकी चांगली, त्यात मालकाचा तोटा काही नाही. पैसे भरून वाढवलेली वॉरंटी मात्र सगळ्यांच्या कामाची नसते. डिझेल टर्बो आणि ऑटोमॅटिक गाडीवाल्याने ती घ्यावी. गावातल्या गावात फिरणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीवाल्याने दोनदा विचार करावा. आणि वॉरंटी कुठलीही असो, ती उभी असते सर्व्हिसच्या तारखांवर. आपल्या भागात कितीतरी वॉरंट्या गाडी बिघडायच्या आधीच तारीख चुकल्यामुळे संपलेल्या असतात, आणि मालकाला ते कळतं गाडी बंद पडल्यावर.

वॉरंटीत काय येतं, काय येत नाही

गावात आपण सरसकट 'गॅरंटी' म्हणतो. गाडी बिघडली तर नवी मिळेल, असं त्यातून ऐकू येतं. वॉरंटी तशी नसते. कंपनी एवढंच कबूल करते की बनवण्यात किंवा मालात दोष निघाला, तर तो भाग दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये मारुतीच्या एका गाडीच्या क्लचवरून झालेल्या प्रकरणात हेच धरलं. वॉरंटीत भाग बदलून द्यायचं कबूल असेल, तर त्या जोरावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही.

झिजणारे भाग वॉरंटीत येत नाहीत. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, फिल्टर, ऑइल यांचा खर्च मालकाचा. टायर आणि स्टार्टरची बॅटरी यांची वॉरंटी त्या-त्या कंपनीची वेगळी असते, त्याचं कार्ड गाडी घेताना मागून घ्यावं. शॉकअप, बुश, बेअरिंग यांवर वाद ठरलेला. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केलेली असते, त्या खड्ड्यांतून गाडी हाणली आणि शॉकअप गळायला लागला, तर सर्व्हिस सेंटरवाला म्हणणार रस्त्याने गेला, मालक म्हणणार मालच कच्चा. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली घाटात अर्ध्या क्लचवर गाडी चढवून प्लेट जळाली तर तिथं मात्र वादाला जागाच नाही.

आपल्याकडची आणखी एक डोकेदुखी म्हणजे उंदीर. उसाच्या कडेला किंवा गोठ्याशेजारी गाडी लावली की बॉनेटमध्ये उंदीर शिरतो आणि वायरिंग कुरतडतो. हे वॉरंटीत बसत नाही. काही विमा पॉलिसींत बसतं, काहींत नाही, पॉलिसी वाचावी लागते. पुराचंही तसंच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या ज्या गाड्या पाण्यात गेल्या, त्यांचा प्रश्न वॉरंटीचा नव्हताच, विम्याचा होता. विम्यातसुद्धा इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जादा कलम घ्यावं लागतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी स्टार्टर मारून बघायची नाही. टो करूनच न्यायची. पलूस, वाळवा, मिरज, कराडच्या नदीकाठच्या मालकांनी वॉरंटी वाढवायच्या आधी हे कलम घेतलेलं बरं.

आधी काय संपतं, वर्षं की किलोमीटर?

मारुतीने जुलै २०२४ मध्ये आपली नेहमीची वॉरंटी दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. पैसे भरून ती सहा वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरपर्यंत नेता येते. टोयोटाचीही नेहमीची वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख. ह्युंदाई आणि होंडाच्या पैसे भरून घ्यायच्या योजना सात वर्षांपर्यंत जातात. मॉडेलनुसार आणि वर्षानुसार हे आकडे बदलतात, म्हणून आपल्या गाडीचा आकडा फ्लेक्सवरून घेऊ नये, पुस्तिकेतून घ्यावा.

या आकड्यांतला 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन्हीपैकी जे आधी पुरं होईल तिथं वॉरंटी थांबते. माण तालुक्यातला एखादा शेतकरी गाडी घेतो. बाजार, दवाखाना, लग्नकार्य आणि वर्षातून एकदा पंढरपूर-तुळजापूर. वर्षाला आठ हजार किलोमीटर होतात. तीन वर्षांत चोवीस हजार. त्याच्यासाठी एक लाख किलोमीटरचा आकडा नुसता शोभेचा आहे. त्याला मिळतात फक्त तीन वर्षं.

आता वडापवाला किंवा रोज भाजी-डाळिंब घेऊन मार्केटला जाणारा घ्या. रोजचे दीडशे किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे पंचेचाळीस हजार. त्याचे एक लाख किलोमीटर सव्वादोन वर्षांत संपतात. सात वर्षांची गोष्ट त्याला सांगून उपयोग नाही, त्याने किलोमीटरची मर्यादा बघायची. दुसरं म्हणजे पिवळ्या पाटीच्या गाडीला अटी वेगळ्या असतात. काळ्या-पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरते हे सर्व्हिस सेंटरच्या लक्षात आलं, तर वॉरंटीला तिथंच अडचण येते.

वॉरंटी सुरू होते ती गाडी ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासून, आणि डेमो म्हणून फिरवलेली गाडी स्वस्तात घेतली तर तिचा काळ आधीच सुरू झालेला असतो.

तारीख चुकली की विषय संपला

सर्व्हिस सेंटरमध्ये होणारा संवाद साधारण असा असतो.

"आवो साहेब, गाडी तीन वर्षांत एकवीस हजार पळलीय नुसती. अन् तुम्ही म्हणता वॉरंटी बसत नाही?"

"काका, किलोमीटर बसतात. पण दुसऱ्या वर्षाची सर्व्हिस झालेलीच नाही. सिस्टीमला नोंद नाही."

"पळालीच नाही तर सर्व्हिसिंग कशाला करायचं?"

मालकाचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे, पण पुस्तिकेत लिहिलेलं असतं दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. गाडी शेडमध्ये उभी राहिली तरी वर्ष पुरं होतंच, ऑइल जुनं होतंच. शहरातल्या माणसाला मोबाईलवर मेसेज येतो, तो जाऊन येतो. इथं गाडी घेताना नंबर दिलेला असतो पोराचा, आणि पोरगं पुण्याला कंपनीत. मेसेज तिकडंच राहतो. गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याचाच नंबर शोरूमला द्यावा, एवढ्यानं बरंच काम होतं.

अंतराचा प्रश्न त्याहून मोठा. सातारा, कराड, सांगली-मिरज इथं बहुतेक कंपन्यांची सर्व्हिस सेंटर आहेत. फलटण, विटा अशा गावांत काहींची आहेत. पण दहिवडीहून साताऱ्याला जायचं म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर, जतहून मिरज-सांगली गाठायची म्हणजे त्याहून जास्त. सकाळी डेअरीला दूध घालून निघालं तरी दिवस गेला. भाग शिल्लक नसेल तर "चार दिवसांनी या", म्हणजे दुसरी फेरी. दोन फेऱ्यांचं तेल, एक-दोन दिवसांचा खाडा आणि शोरूममधली मजुरी, हे सगळं वॉरंटीच्या किमतीत धरायला पाहिजे. शोरूमचं सर्व्हिस बिल गावातल्या मिस्त्रीच्या बिलापेक्षा चढं असतं, हे कुणाला सांगायला नको. सात वर्षांची वॉरंटी टिकवायची म्हणजे सात वर्षं तेच बिल भरायचं.

गाडी घेतानाच नकाशावर बघावं, या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावापासून किती लांब आहे. चाळीस किलोमीटरच्या आत असेल तर लांब वॉरंटीला अर्थ आहे. त्यापुढं गेलं की तिचा उपयोग कमी-कमी होत जातो.

बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला तर?

"बाहेर काम केलं की वॉरंटी रद्द" हे वाक्य जवळपास प्रत्येक मालकाने ऐकलेलं आहे. ते जसंच्या तसं खरं मानायचं कारण नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला न देणं आणि त्यामुळं ग्राहकाला स्वतःच्याच वर्कशॉपला बांधून ठेवणं, हा आरोप होता. त्याच आदेशात आयोगाने बजावलं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, काहींचा दंड अपिलात कमी झाला, पण मालकाच्या बाजूचा मुद्दा तिथंच मांडला गेला. बाहेर पंक्चर काढलं, सीट कव्हर घातलं, शॉकअप बदलला आणि म्हणून इंजिनची वॉरंटी गेली, असं कुणी सांगत असेल तर ते लेखी मागावं.

पण मालकांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. गावाकडं नवी गाडी आली की आठवडा उलटायच्या आत मोठा हॉर्न, एलईडी पट्टी, ॲम्प्लिफायर बसवतात, आणि त्यासाठी कंपनीची वायर कापून जोड मारतात. पुढं ईसीएम किंवा वायरिंगमध्ये दोष निघाला तर कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं, आणि ते खोटंही नसतं. बाहेरून बसवलेल्या सीएनजी-एलपीजी किटचंही तसंच. काम करायचंच असेल तर वायर न कापता कपलर लावून करावं.

डिझेलच्या बाबतीत पंपाच्या पावत्या ठेवाव्यात. पंप, इंजेक्टर बिघडला की पहिला संशय भेसळीच्या किंवा कॅनमधल्या डिझेलवर घेतात. पावत्यांचा गठ्ठा असेल तर बोलायला जागा राहते.

इथेनॉलचं पेट्रोल आणि जुनी गाडी

आपल्या दोन जिल्ह्यांत हा विषय जरा अवघड जागेचा आहे. रेठऱ्याच्या कृष्णापासून साखराळ्याच्या राजारामबापूपर्यंत कारखाने इथेनॉल करतात, त्यावर उसाचा दर अवलंबून, आणि तेच इथेनॉल पेट्रोलमधून परत आपल्याच गाडीत येतं. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला ई-२० म्हणतात. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार केलेल्या आहेत. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलंय. मग वॉरंटीचं काय, असा प्रश्न २०२५ च्या उन्हाळ्यानंतर देशभर उठला.

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की ई-२० मुळं विमा रद्द होत नाही. वाहन उत्पादकांच्या संघटनेनेही ई-२० वापरल्यामुळं वॉरंटी नाकारली जाणार नाही असं जाहीर केलं. ई-२० विरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. मंत्रालयाने हेही मान्य केलं की जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. तो खर्च मालकाचाच. २०२३ पूर्वीची पेट्रोल गाडी असेल तर सर्व्हिसच्या वेळी इंधनाचे पाइप आणि सील बघायला सांगावेत आणि तशी नोंद जॉब कार्डवर करून घ्यावी.

पैसे कुठं वसूल होतात

वाढीव वॉरंटीचा हिशेब एका प्रश्नावर येतो. गाडीतला सगळ्यात महाग भाग कोणता, आणि तो चौथ्या ते सातव्या वर्षात जाण्याची शक्यता किती?

साधी पेट्रोल, हाताने गिअर टाकायची, टर्बो नसलेली गाडी असेल, तर पहिल्या सात वर्षांत मोठं काम सहसा निघत नाही. निघालं तरी अल्टरनेटर, स्टार्टर, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगची मोटर. यातलं एखादंच काम निघतं आणि कराड-सांगलीत बाहेर दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत. वॉरंटीचे पैसे बँकेत वेगळे ठेवले तर बहुतेकांचं भागतं. काम निघालं नाही तर पैसे आपलेच.

डिझेलचं तसं नाही. इंजेक्टर चार असतात, एकेकाची किंमत दहा-वीस हजारांच्या घरात. टर्बो त्याच्या वर. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळावी लागते. घर ते डेअरी, डेअरी ते घर एवढीच फिरणारी डिझेल गाडी हा फिल्टर तुंबवून घेते, दिवा लागतो, आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं हा दोष गाडीचा नाही, वापराचा आहे. म्हणजे वॉरंटी असूनही तिथं खिशात हात घालावा लागतो. जवळच्या जवळ फिरणाऱ्याने बीएस-६ डिझेल घेऊच नये. महिन्या-पंधरा दिवसांनी पुणे-बंगळूर हायवेला जाणाऱ्याने घेतली तर सोबत वाढीव वॉरंटी जरूर घ्यावी.

ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं काम निघालं तर आकडा लाखाच्या पुढं जाऊ शकतो, आणि ते काम तालुक्याच्या ठिकाणी होत नाही. तिथं वाढीव वॉरंटी महाग वाटली तरी घ्यावी.

घेतानाही दोन गोष्टी बघायच्या. ही वॉरंटी गाडीच्या कंपनीची आहे की डीलरने दुसऱ्याच कुणाकडून घेऊन विकलेली? बिलावर नाव कुणाचं आहे ते वाचायचं. आणि ती गाडी घेतानाच घ्यावी लागते असं नाही. बहुतेक कंपन्यांत मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेता येते, उशीर केला तर थोडी महाग पडते एवढंच. पहिली दोन वर्षं गाडी कशी चालते ते बघून ठरवायला हरकत नाही. बुकिंगच्या दिवशी मात्र "कॅश डिस्काउंट नको, वॉरंटी वाढवून द्या" असं म्हणून बघावं. मार्च आणि डिसेंबर अखेरीला हे जमून जातं.

इलेक्ट्रिक गाडी

इथं लांब वॉरंटीशिवाय गाडी घेण्यात शहाणपणा नाही, कारण गाडीच्या किमतीचा मोठा वाटा बॅटरीतच असतो. बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर ही बऱ्याच कंपन्यांची रीत आहे. टाटाने २०२५ मध्ये काही मॉडेलच्या बॅटरीला 'लाइफटाइम' वॉरंटी जाहीर केली. महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही तशीच आहे. मात्र लाइफटाइम म्हणजे जन्मभर नव्हे. टाटाच्या बाबतीत तो काळ पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षांचा आहे, आणि फायदा खासगी नोंदणीच्या पहिल्या मालकाला. महिंद्राची गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की बॅटरीची वॉरंटी दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटरवर येते. त्यामुळं बापाच्या नावावरची गाडी पोराच्या नावावर करण्याआधी डीलरला विचारून घ्यावं, मालक बदलला असं ते धरतात का. घरच्या मीटरवर चार्ज करणाऱ्यांनी अर्थिंग नीट करून घ्यावं आणि चार्जर कंपनीच्या माणसाकडूनच बसवून घ्यावा. तिथला कागद पुढं मागतात.

ट्रॅक्टरवाल्यांना हे जुनंच

लांब वॉरंटीची सवय आपल्या भागाला मोटारीआधी ट्रॅक्टरने लावली. महिंद्राच्या सहा वर्षांच्या वॉरंटीत पहिली दोन वर्षं पूर्ण ट्रॅक्टरची आणि पुढची चार इंजिन व ट्रान्समिशनची, हे घेणाऱ्यातल्या कितीजणांना माहीत असतं? न्यू हॉलंडची सहा वर्षं किंवा सहा हजार तास, आणि ती ट्रॅक्टर विकला तर पुढच्या मालकाकडं जाते. मोटारीलाही हेच विचारायचं. पाचव्या-सहाव्या वर्षात नेमकं काय कव्हर आहे, पूर्ण गाडी की नुसतं इंजिन-गिअरबॉक्स? डबल ट्रॉलीने उसाची वाहतूक करणाऱ्याला तर जादा वजनाचं कलम आधी वाचायला हवं.

कंपन्या एवढी वर्षं का देतात?

ह्युंदाईने १९९८ मध्ये अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षं, एक लाख मैलांची वॉरंटी दिली, कारण तिथं तिच्या गाड्यांचं नाव खराब झालं होतं आणि गिऱ्हाईक विश्वास ठेवायला तयार नव्हतं. ती दहा वर्षंसुद्धा पहिल्या मालकालाच होती. पण कंपनी त्या वॉरंटीच्या जोरावर उभी राहिली आणि गाड्याही सुधारल्या, कारण दोष निघाला तर खर्च तिच्याच अंगावर येणार होता. लांब वॉरंटीचा ग्राहकाला खरा फायदा हाच आहे.

कंपनीच निघून गेली तर काय होतं, हे वडापवाल्यांनी पाहिलंय. शेवरोलेची टवेरा एके काळी रस्तोरस्ती होती. जनरल मोटर्सने २०१३ मध्ये उत्सर्जनाच्या गडबडीमुळं एक लाख चौदा हजार टवेरा परत बोलावल्या आणि २०१७ च्या अखेरीला भारतात गाड्या विकणंच थांबवलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. दोघांनीही सर्व्हिस देत राहू असं सांगितलं होतं. पण विक्री थांबली की डीलरही घटतात आणि सर्व्हिससाठीचं अंतर वाढत जातं. नव्या, कमी खपाच्या कंपनीची सात वर्षं आणि जुन्या, जिल्ह्यात चार ठिकाणी सर्व्हिस असलेल्या कंपनीची तीन वर्षं यांत जुन्या कंपनीकडं झुकलेलं बरं.

जुनी गाडी विकताना उरलेली वॉरंटी आणि शोरूमचा पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड यांनी किंमत थोडी वाढते, गिऱ्हाईकही लवकर मिळतं. जुनी घेणाऱ्याने मात्र 'वॉरंटी आहे' या शब्दावर जाऊ नये. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये रेकॉर्ड बघावं. वाढीव वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी अर्ज आणि काही ठिकाणी फी लागते, ते नाव बदलतानाच उरकून घ्यावं.

वॉरंटी नाकारली तर कुठं जायचं

नकार तोंडी घेऊ नये. जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि नाकारण्याचं कारण ईमेल किंवा लेखी मागावं. वॉरंटीतच येणाऱ्या दोषासाठी चार वेळा गाडी नेली असेल, तर चारही जॉब कार्ड जपून ठेवावीत. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तरी चालेल. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथं मराठीतही बोलता येतं. बऱ्याचदा कंपनीकडून फोन इथूनच येतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलंय, त्यात वाहनं आणि शेती अवजारं दोन्ही आहेत.

तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, साताऱ्याला आणि सांगलीला. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथं राहतो तिथंच तक्रार करायची सोय दिली. गाडी पुण्यातून घेतली असली तरी जतच्या माणसाला पुण्याला हेलपाटे मारायची गरज नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांपर्यंत चारशे, वीस ते पन्नास लाखांपर्यंत हजार. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइनही भरता येते. मुदत दोन वर्षांची, ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. म्हणून "बघू, करू" म्हणणाऱ्या डीलरच्या नादाने वर्षं घालवू नयेत. वडापची किंवा मालाची गाडी स्वतः चालवून पोट भरणाराही या कायद्याने ग्राहकच आहे. धंद्याची गाडी म्हणून तुम्हाला इथं येता येत नाही, असं त्याला सांगितलं जातं, ते खरं नाही.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही धरावं. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने जुनी, वापरलेली गाडी नवी म्हणून दिली होती. त्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं, कारण डीलरच्या त्या करणीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं. बनवण्यातला दोष असेल तर कंपनी जबाबदार असते, पण विकताना झालेल्या फसवणुकीसाठी डीलरकडंच बघावं लागतं.

शेवटी रिकॉल. कंपनीला स्वतःलाच दोष सापडला तर ती गाड्या परत बोलावते आणि तो भाग फुकट बदलते, तिथं वॉरंटी संपली आहे की नाही हे बघत नाहीत. मारुतीने सप्टेंबर २०२१ मध्ये सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल-६ अशा १,८१,७५४ पेट्रोल गाड्या, आणि जुलै २०२३ मध्ये स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको तपासायला बोलावल्या होत्या. ईको आपल्याकडं घरोघरी आहे. सेकंडहँड घेतलेल्या गाडीच्या मालकाला असा निरोप पोचत नाही, कारण कंपनीकडं नंबर पहिल्या मालकाचा असतो. आरसी बुकावरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला किंवा एमएच-११, एमएच-५०, एमएच-१० कुठलीही पाटी असो, जवळच्या कुठल्याही सर्व्हिस सेंटरला सांगितला, तर आपल्या गाडीचा रिकॉल बाकी आहे का ते कळतं.